माळाचा उतार आणि झाडांमधील अंतर

सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर, नाशिक आणि धुळे या जिल्ह्यांतून प्रवास करणाऱ्यास एक दृश्य वारंवार दिसते. सपाट माथ्याच्या टेकड्या, त्यांच्या अंगावर पिवळे गवत आणि त्या गवतात दूर दूर उभी असलेली हिवर, बोर, खैर यांसारखी झाडे. टेकडीच्या माथ्यावर झाड जवळजवळ नाहीच. थोडे खाली कड्याच्या कपारीत एखादी दाट रांग. त्याखाली पुन्हा विरळ झुडपे आणि तळाशी ओढ्याच्या काठी करंज, उंबर यांची हिरवी गर्दी.

ही रचना पाहून येथील झाडे कोणीतरी तोडली असावीत, असा समज सहज होतो. वृक्षतोड आणि अनिर्बंध चराई ही कारणे अनेक ठिकाणी खरी आहेत, यात शंका नाही. परंतु केवळ तेवढ्याने या दृश्याचा उलगडा होत नाही. झाड कोठे उगवेल, किती उंच होईल आणि शेजारच्या झाडापासून किती अंतरावर टिकेल, हे पुष्कळ अंशी जमिनीचा उतार ठरवीत असतो. गावाच्या गायरानावर वा टेकडीवर वृक्षलागवडीचा ठराव करणाऱ्या ग्रामपंचायतीने, तिला तांत्रिक मार्गदर्शन करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांना परिसर शिकविणाऱ्या शिक्षकांनी हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे. उताराचा विचार न करता केलेली लागवड पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत वाळून जाते. त्यात रोपे, श्रम आणि पैसा वाया जातो. शिवाय खड्डे खणताना जे गवत नष्ट होते, त्याचे नुकसान गावातील जनावरांना सोसावे लागते.

सॅव्हाना म्हणजे काय?

ज्या प्रदेशात जमिनीवर सलग गवत असते आणि त्यात झाडे विरळ असतात, त्यास भूगोलात सॅव्हाना म्हणतात. आफ्रिकेतील सॅव्हाना पाठ्यपुस्तकांमुळे सर्वपरिचित आहे. महाराष्ट्रातील माळरानेही त्याच प्रकारात मोडतात, याची जाणीव मात्र अलीकडची आहे. तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यातील झाडे-झुडपांचे आणि भूप्रदेशाचे उल्लेख तपासणारा एक अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. पश्चिम महाराष्ट्रातील हा गवताळ, काटेरी झाडांचा प्रदेश किमान ७५० वर्षे तरी असाच आहे, असा निष्कर्ष त्यात काढण्यात आला आहे. याचा अर्थ असा की, प्रत्येक उघडा माळ म्हणजे उजाड झालेले जंगल नव्हे.

पावसाचे प्रमाण हे यामागील पहिले कारण होय. आफ्रिकेतील ८५४ ठिकाणांच्या माहितीवर आधारलेला एक व्यापक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. वार्षिक पाऊस सुमारे ६५० मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर झाडांचे आच्छादन किती वाढू शकते याची कमाल मर्यादा पाऊसच ठरवितो, असे त्यात आढळून आले. त्याहून अधिक पाऊस असेल, तर वणवा आणि चराई यांमुळेच गवताळ प्रदेश खुला राहतो. हे आकडे आफ्रिकेचे आहेत आणि ते येथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तथापि पर्जन्यछायेतील अनेक तालुक्यांचा पाऊस ५०० ते ६५० मिलिमीटरच्या आसपास असल्याने त्यातील बोध येथेही उपयोगी पडतो. मात्र एकाच गावात, एकाच पावसात, एकाच टेकडीवर वर एक आणि खाली दुसरे चित्र का दिसते, याचे उत्तर पावसाच्या आकड्यात मिळत नाही. ते उतारात शोधावे लागते.

उताराची साखळी

जेफ्री मिल्न हे मृदाशास्त्रज्ञ पूर्व आफ्रिकेत, त्या वेळच्या टांगानिकात, मातीची पाहणी करीत असता त्यांना एक गोष्ट वारंवार दिसून आली. टेकडीच्या माथ्यापासून दरीच्या तळापर्यंत मातीचे प्रकार ठरावीक क्रमाने बदलतात आणि पुढच्या टेकडीवर पुन्हा तोच क्रम दिसतो. या क्रमाला त्यांनी १९३५ साली ‘कॅटेना’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘साखळी’ असा आहे. या साखळीतील कोणतीही कडी सुटी नसते. वरून वाहून गेलेली बारीक माती आणि क्षार खाली जमा होतात. वर जी उणीव राहते, ती खाली भर म्हणून दिसते.

झाडे या साखळीला कसा प्रतिसाद देतात, याचे उत्तम उदाहरण म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यान. १९२६ साली स्थापन झालेल्या या उद्यानाचा पश्चिम भाग ग्रॅनाइट खडकाचा, तर पूर्व भाग बहुतांशी बेसाल्टचा आहे. ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर माथ्याची माती वाळूसारखी असते. तीत पाऊस लगेच खोल मुरतो आणि मुळे खोल नेणाऱ्या झाडांना तो मिळतो. म्हणून तेथे माथ्यावर कोंब्रेटमची झाडी असते. धावडा, ऐन आणि अर्जुन ज्या कुळात मोडतात, त्याच कुळातील ही झाडे होत. मुरलेले पाणी उताराच्या मध्यावर, जेथे चिकणमातीचा थर लागतो तेथे, पुन्हा वर येते. या पाझराच्या रेषेवर ऐनाच्याच प्रजातीतील एका झाडाचा पट्टा आढळतो. त्याखालच्या जमिनीत सोडियमचे क्षार साठतात. महाराष्ट्रातील शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतो. तेथे झाडे विरळ आणि काटेरी असतात. गवत आखूड पण पौष्टिक असते आणि तृणभक्षी प्राणी तेथे आवर्जून चरतात.

पूर्वेकडील बेसाल्टवर मात्र भूप्रदेश बराचसा सपाट आणि माती चिकण आहे. चिकणमाती पाणी वरच्या थरात धरून ठेवते. तेथे गवताची मुळे दाट असल्याने पाण्याचा मोठा वाटा गवत घेते. त्यामुळे गवत जोमदार आणि झाडे दूर दूर असे चित्र दिसते. एकाच उद्यानात केवळ खडक आणि उतार बदलल्याने झाडांची मांडणी पालटते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

दख्खनच्या पायऱ्या

महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्टचाच आहे. पण तो क्रूगरच्या पूर्व भागासारखा सपाट नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. त्यांतील काही थर कठीण काळ्या पाषाणाचे, तर काही सच्छिद्र आणि लवकर झिजणारे आहेत. मऊ थर झिजून मागे सरतो आणि कठीण थर कड्याच्या रूपाने उभा राहतो. त्यामुळे डोंगरांना पायऱ्यांचा आकार आला आहे. ‘ट्रॅप’ हे या खडकाचे नावही ‘जिना’ या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले आहे. या पायऱ्यांवर झाडांची साखळी साधारणतः पुढीलप्रमाणे आढळते.

माथा : वरचे पठार सपाट असले, तरी मातीचा थर अनेकदा वीतभरही नसतो. खाली अखंड कातळ असतो. पावसाळ्यात येथे पाणी साचते आणि पाऊस थांबताच माती वाळते. आधी चिखल आणि मग कोरड, अशा जागी पावसाळी गवत आणि लहान वनस्पती तग धरतात. झाडाला मुळे उतरविण्यास वाव नसतो.

कडा आणि कपार : येथे माती दिसत नाही, तरी झाडे असतात. खडकाला भेगा असतात आणि त्यांत पावसाचे पाणी उतरते. दोन थरांच्या सांध्यावर कोठे कोठे झरेही फुटतात. वडा-पिंपळाच्या जातीची झाडे अशा भेगांत मुळे घालून उभी राहतात. वणवा आणि गुरे सहसा येथपर्यंत पोहोचत नाहीत, हाही त्यांना लाभ होतो.

उतार : कड्याखाली दगड-गोटे आणि मुरूम यांचा ढीग साचलेला असतो. दगडांच्या फटींतून पाणी खोल जाते. खानदेशातील आणि नाशिककडील डोंगरांवर अशा जागी सालई, मोई, धावडा आणि अंजन ही झाडे आढळतात. मुरमाड, उथळ उतारावर खैर, हिवर, बोर ही काटेरी झाडे आणि कुसळी गवत असते. माती थोडी खोल असेल, तर पवन्यासारखे चांगले गवत येते.

पायथा : वरून आलेली बारीक माती येथे साचून काळी जमीन तयार झालेली असते. पाणी भरपूर धरणारी ही जमीन झाडांना उत्तम, असे वाटते. पण वस्तुस्थिती तितकी सरळ नाही. उन्हाळ्यात काळी माती आकसते, तीत रुंद भेगा पडतात आणि कोवळ्या रोपांची मुळे तुटतात. म्हणून नैसर्गिक अवस्थेत येथेही मारवेलासारखे गवत अधिक आणि बाभळीसारखी मोजकी झाडे असतात. आज या जमिनी बहुतेक सर्व लागवडीखाली आहेत.

पाण्याचा हिशेब

झाडांमधील अंतर उतारावर का बदलते, हे एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. मध्यम ते भारी माती एक मीटर खोल असेल, तर ती झाडाला उपलब्ध होईल असे सुमारे १५० मिलिमीटर पाणी धरून ठेवते, असे धरू. तीच माती २५ सेंटिमीटर खोल असेल, तर हा साठा ३७.५ मिलिमीटर एवढाच राहतो. मुरमाड मातीत दगडांचे प्रमाण जास्त असल्याने प्रत्यक्षात तो याहूनही कमी भरतो.

आता ३ मीटर × ३ मीटर अंतरावर रोपे लावली, तर हेक्टरी सुमारे १,१११ रोपे बसतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला ९ चौरस मीटर जागा येते. एक मीटर खोल मातीत या जागेतील साठा १,३५० लिटर होतो. २५ सेंटिमीटर मातीत तो जेमतेम ३३७ लिटर भरतो. पाऊस संपल्यापासून पुढील पावसापर्यंत सुमारे २४० दिवस जातात. म्हणजे उथळ मातीतील रोपाला दिवसाला दीड लिटरही पाणी येत नाही आणि त्यातच गवताचा वाटा व बाष्पीभवन धरावयाचे असते. हेच अंतर ६ मीटर × ६ मीटर केले, तर प्रत्येक झाडास ३६ चौरस मीटर जागा मिळते आणि साठा पुन्हा १,३५० लिटर होतो. हेक्टरी झाडे मात्र २७७ च बसतात.

थोडक्यात, मातीची खोली चौथाई झाली, तर झाडाला जागा चौपट लागते, म्हणजेच अंतर दुप्पट लागते. माळावरील हिवराचे झाड शेजारच्या झाडापासून दूर उभे असते, त्यामागे हाच हिशेब आहे. मधली जागा वर रिकामी दिसते. पण मातीखाली ती मुळांनी व्यापलेली असते.

उताराने या हिशेबात आणखी एक फरक पडतो. पाऊस आडव्या क्षेत्रफळावर पडतो. २० अंशांच्या उतारावर जमिनीला चिकटवून ३ मीटर दोरी धरली, तर आडवे अंतर सुमारे २.८ मीटर आणि ३० अंशांवर ते २.६ मीटर भरते. म्हणून चढत्या उतारावर दोरी आडवी धरूनच खड्ड्यांची आखणी करावी. याखेरीज वरच्या उतारावरील पाण्याचा काही भाग मुरण्याआधीच वाहून जातो. एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. ६०० मिलिमीटर पावसाचा चौथा हिस्सा जरी वाहून गेला, तरी हेक्टरी १५ लाख लिटर पाणी वरच्या झाडांना न मिळता खाली जाते. ओढ्याकाठची गर्द झाडी त्याच पाण्यावर वाढलेली असते.

सूर्याची दिशा

टेकडीच्या दोन बाजूंची झाडी पुष्कळदा सारखी नसते. पुणे-सोलापूरच्या अक्षांशावर २१ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. १५ अंशांच्या दक्षिण उतारावर त्याचे किरण जमिनीशी ६३ अंशांचा, तर तेवढ्याच उत्तर उतारावर ३३ अंशांचा कोन करतात. त्यामुळे माध्यान्ही दक्षिण उताराला उत्तर उताराच्या सुमारे दीडपट वा थोडी अधिक उष्णता मिळते. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो आणि हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. परंतु पाऊस संपल्यावर जमिनीतील ओल ज्या महिन्यांत हळूहळू घटत असते, नेमक्या त्याच महिन्यांत तो सर्वांत जास्त असतो. त्यामुळे उत्तर उतारावर ओल काही काळ अधिक टिकते आणि तेथे रोपे जगण्याचा संभव वाढतो.

वणवा, गुरे आणि गवत

उतारावर वणवा खालून वर वेगाने पसरतो. उतार १० अंशांनी वाढला, की आगीचा वेग साधारणतः दुप्पट होतो, असा अनुभवसिद्ध आडाखा आहे. गवत दाट असलेल्या उतारावर वणवा दरवर्षी लागत राहिला, तर लहान रोपांना आगीच्या आवाक्याबाहेर वाढण्यास सवड मिळत नाही. पळस, खैर, बोर यांची वरची फांदी जळाली, तरी मुळापासून पुन्हा धुमारे फुटतात. वर्षानुवर्षे गुडघाभर उंचीचेच राहिलेले असे झुडूप वरून कोवळे दिसले, तरी जमिनीखाली जुने आणि भक्कम असते. नवीन रोप लावण्यापेक्षा अशा झुडपास वणवा आणि चराई यांपासून काही वर्षे संरक्षण देणे कमी खर्चाचे आणि अधिक खात्रीचे ठरते.

गवत हे रोपाचे प्रतिस्पर्धी खरे. परंतु उतारावरील मातीचे ते सर्वांत स्वस्त राखणदारही आहे. त्याची मुळे माती बांधून ठेवतात आणि त्याची पाती पावसाच्या थेंबांचा मार झेलतात. शिवाय मेंढपाळांचा आणि गावातील पशुपालकांचा निर्वाह त्यावरच चालतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे उतारावर समतल चर खोदण्यात आले. त्याबरोबरच मोकाट चराई बंद करून गवत कापून नेण्याची पद्धत गावाने स्वीकारली. झाडांइतकेच गवतही गावाचे उत्पन्न आहे, ही त्यामागील दृष्टी अनुकरणीय आहे. गवताच्या या माळांवर काळवीट, चिंकारा, लांडगा आणि माळढोक यांचीही भिस्त असते. माळढोकासाठी १९७९ साली आणि रेहेकुरी येथे काळविटांसाठी १९८० साली अभयारण्ये घोषित झाली, ती अशा खुल्या प्रदेशातच. तेथे दाट झाडी वाढविणे म्हणजे या प्राण्यांचे घर हिरावून घेणे होय.

शाळेसाठी एक पाहणी

हा विषय विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शिकविता येतो. त्यास एक दोरी, एक मोजपट्टी आणि पाण्याची पारदर्शक नळी पुरेशी आहे. नळीच्या दोन टोकांतील पाण्याची पातळी जुळवून १० मीटर आडव्या अंतरात जमीन किती उतरते ते मोजावे. एक मीटर उतरली, तर उतार १० टक्के होय. नंतर माथा, उतार आणि पायथा अशा तीन भागांत प्रत्येकी २० जागा न निवडता, जेथे पाऊल पडेल तेथे धराव्यात. प्रत्येक जागेपासून सर्वांत जवळच्या झाडाचे अंतर मोजावे आणि त्यांची सरासरी काढावी. झाडे इतस्ततः विखुरलेली असतील, तर सरासरी अंतराची दुप्पट करून तिचा वर्ग केला, की एका झाडाच्या वाट्याची जागा साधारणपणे मिळते. सरासरी ५ मीटर आली, तर ही जागा १०० चौरस मीटर आणि हेक्टरी झाडे सुमारे १०० होत. जोडीला प्रत्येक भागात एक-दोन ठिकाणी लोखंडी सळई ठोकून मातीची खोली पाहावी. तिन्ही भागांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी मांडले, की उताराचा नियम विद्यार्थ्यांना स्वतःच उमगतो. ही माहिती गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीतही भर घालील.

लागवडीपूर्वी विचार

वृक्षलागवडीचे नियोजन करताना या माहितीचा उपयोग पुढीलप्रमाणे करता येईल. संपूर्ण टेकडीसाठी एकच अंतर आणि एकच जात ठरविण्याऐवजी तिचे माथा, कपार, उतार, पायथा आणि ओढा असे भाग पाडावेत. माथ्यावरील उथळ जमीन गवतासाठीच राखावी. उतारावर आधी सळईने मातीची खोली पाहावी आणि मगच अंतर ठरवावे. जेथे दगडांच्या फटी आहेत, तेथे खड्डे घ्यावेत. जेथे अखंड कातळ आहे, तेथे घेऊ नयेत. समतल चर चांगल्या गवताच्या पट्ट्यातून न नेता उघड्या पडलेल्या, धूप होणाऱ्या जागी आखावेत. दाट लागवड करावयाची असेल, तर ती ओढ्याच्या काठी आणि घळीच्या तोंडाशी करावी, कारण पाणी तेथेच येते. जाती निवडताना त्याच उतारावर आजूबाजूस कोणती झाडे स्वतः वाढली आहेत, ते पाहावे. लावलेली रोपे किती, या आकड्याबरोबर तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जगलेली रोपे किती आणि गवत किती आले, याचीही नोंद ठेवावी.

हेक्टरी १,१११ रोपे लावून त्यांतील बहुतेक वाळणे, यापेक्षा योग्य जागी २७७ लावून ती जगविणे गावाच्या हिताचे आहे. उरलेल्या जागेत गवत वाढेल, माती टिकेल आणि जनावरांना चारा मिळेल. माळावरील झाडांनी आपसांतील अंतर शेकडो वर्षांच्या अनुभवाने ठरविले आहे. ग्रामसभेत लागवडीचा आराखडा मांडण्यापूर्वी सदस्यांनी एकदा माथ्यापासून ओढ्यापर्यंत चालत जाऊन ते अंतर पाहिले, तर पुढील निर्णय अधिक डोळसपणे घेता येतील.